मेंदूची खिडकी खरंच बंद होते का? (गर्भापासून बारावीपर्यंत)

रानजाई

सोसायटीच्या ग्रुपवर परत ते पोस्टर आलं. "तीन वर्षांत ८०% मेंदू तयार, नंतर खिडकी बंद!" खाली फ्लॅशकार्डच्या क्लासची जाहिरात, आणि फी अशी की वाचून माझीच खिडकी बंद झाली. मी बीएच्या पोरांना विकासात्मक मानसशास्त्र शिकवते, वर्गातही सगळ्यात जास्त गोंधळ याच टॉपिकला असतो, म्हणून म्हटलं एकदा सविस्तर लिहून टाकू. लांबलंय, चहा घेऊन बसा.

आधी ते ८०%. आकाराचं म्हणाल तर बरोबर आहे, दोन-तीन वर्षांत मेंदू मोठ्या माणसाच्या साधारण ऐंशी टक्क्यांपर्यंत जातो. पण तो आकार झाला, शिकणं नव्हे. त्या वयात पेशींमधल्या जोडण्या गरजेपेक्षा जास्त झालेल्या असतात आणि पुढची कित्येक वर्षं वापरातल्या पक्क्या होतात, बिनवापराच्या छाटल्या जातात. कपाळामागच्या भागात हे काम पंचविशीच्या आसपासपर्यंत चालतं. म्हणजे ८०% तयार झाला म्हणून २०% च काम उरलं असं काही नसतं.

आता खिडकी, म्हणजे काही गोष्टी ठरावीक वयातच मेंदूत बसतात, नंतर नाही. ही कल्पना हवेतून आलेली नाही. ह्यूबेल आणि वीझल या दोघांनी मांजरीच्या पिल्लांचा एक डोळा पहिल्या काही महिन्यांत शिवून बंद ठेवला, नंतर उघडला तर डोळा चांगला पण मेंदू त्याचं ऐकायलाच तयार नाही. मोठ्या मांजरीचा तेवढाच काळ बंद ठेवला तर काहीच फरक नाही. या आणि अशा कामासाठी १९८१ चं नोबेल मिळालं. तर खिडकी असते, पण कशासाठी असते हा खरा प्रश्न, आणि इथेच क्लासवाले हातचलाखी करतात.

ग्रीनो नावाचे एक संशोधक होते, त्यांनी १९८७ मध्ये मांडलेला फरक मला आजही सगळ्यात कामाचा वाटतो. काही अनुभव मेंदू गृहीतच धरून बसलेला असतो: उजेड, आवाज, आजूबाजूला बोललं जाणं, उचलून घेणारं एखादं माणूस. जगातल्या जवळजवळ प्रत्येक मुलाला हे मिळतं, त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही, पण मिळालंच नाही तर मात्र नुकसान होतं आणि तिथे वय फार महत्त्वाचं असतं. दुसरे अनुभव ज्याचे त्याचे असतात, पोहणं, पेटी, अबॅकस, बुद्धिबळ, सत्तावीसचा पाढा. यांना अशी खिडकी नाही. लवकर सुरू केलं तर सराव जास्त होतो हे खरं, पण पाचव्या वर्षी नाही शिकलं तर दार कायमचं लागतं असं नाही. पहिल्या प्रकारची भीती दाखवायची आणि दुसऱ्या प्रकारची वस्तू विकायची, एवढाच तो धंदा आहे.

खरी कडक खिडकी बघायची असेल तर ती पोटात असते. थॅलिडोमाइड हे औषध पश्चिम जर्मनीत १९५७ मध्ये बाजारात आलं, झोपेसाठी म्हणून, मग गरोदर बायकांना मळमळीवरही देऊ लागले, आणि १९६१ मध्ये मागे घेईपर्यंत दहा हजारांहून जास्त बाळं हातपाय न वाढलेली किंवा इतर व्यंग घेऊन जन्मली. गर्भधारणेनंतर साधारण विसाव्या ते छत्तिसाव्या दिवसातच धोका असायचा! तीच गोळी तिसऱ्या-चौथ्या महिन्यात घेतलेल्या बाईच्या बाळाचे हातपाय नीट. याला म्हणतात वेळेची खिडकी.

---

कोवळं_ऊन

वाचतेय, मस्त लिहिलंय. माझा पाचवा महिना चालू आहे आणि सासूबाईंनी गर्भसंस्काराच्या क्लासला नाव घातलंय. जाऊ की नको? घरात रोज अभिमन्यूचं उदाहरण ऐकतेय, चक्रव्यूह वगैरे.

रानजाई

कोवळं_ऊन, अभिनंदन! जा की. गाणी ऐकाल, दोन मैत्रिणी होतील, श्वासाचे व्यायाम होतील, मन शांत राहील, यात वाईट काहीच नाही. फक्त बाळ हुशार होईल या हिशोबाने फी भरू नका.

बाळाला पोटात ऐकू येतं हे मात्र शंभर टक्के खरं. डीकॅस्पर आणि फायफर यांनी १९८० मध्ये तीन दिवसांच्या आतल्या बाळांना चोखणी दिली, चोखण्याची लय बदलली की आईचा किंवा परक्या बाईचा आवाज लागायचा. बाळं आईचा आवाज लागेल अशा लयीत चोखायची. २००९ मध्ये तर असं दिसलं की फ्रेंच आणि जर्मन नवजात बाळांच्या रडण्याची चालच वेगळी असते, फ्रेंच बाळांचं रडणं चढत जातं आणि जर्मन बाळांचं उतरत, त्या त्या भाषेच्या बोलण्यासारखं. म्हणजे पोटात पोचतो तो सूर, लय, चढउतार. चक्रव्यूहात शिरायची माहिती नाही पोचत. त्यामुळे तुम्ही दिवसभर घरात जे बोलता, भांडता, भाजीवाल्याशी घासाघीस करता तेच बाळाचं सीडी कलेक्शन.

आणि मोझार्टचं संगीत ऐकवलं की बाळ हुशार होतं म्हणतात, त्याचं सांगायचं राहिलं. १९९३ चा तो प्रसिद्ध प्रयोग बाळांवर झालेलाच नाही, ३६ कॉलेजच्या पोरांवर झाला, आणि फायदा काय तर दहा-पंधरा मिनिटं कागद घडीच्या कोड्यांत थोडे जास्त मार्क! त्यावरून १९९८ मध्ये अमेरिकेत जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बाळाला शास्त्रीय संगीताची सीडी द्यायचा घाट घातला. आपण एकटेच भोळे नाही.

ठाण्याची_मावशी

गर्भसंस्काराला हसता पण आमच्या वेळी हे काही नव्हतं तरी पोरं शिकलीच ना असं म्हणणारे पण तुम्हीच. एक सांगते, मी नर्स होते, बायका आमच्याकडे यायच्या तेव्हा दोन-अडीच महिने झालेले असायचे आणि तेव्हा आम्ही फॉलिक ॲसिड सुरू करायचो. मणक्याची नळी मिटते साधारण अठ्ठाविसाव्या दिवशी, तेव्हा बाईला पाळी दोनेक आठवडे चुकलीय एवढंच माहीत, कधी तेही नाही. म्हणून गोळी आधीपासून हवी, मूल हवंय असं ठरवलं की लगेच, रोज ४०० मायक्रोग्रॅम. हा संस्कार कुठल्या क्लासात शिकवत नाहीत. डॉक्टरला विचारून घ्या, कुणाकुणाला डोस जास्त लागतो.

रानजाई

मावशी, दंडवत. हे मूळ लेखात हवं होतं.

फिरस्ता_नागपूरकर

हे सगळं ठीक आहे हो, पण मुद्दा आपल्या पोरांना काय मिळतं याचा आहे. मी म्हणतो चार क्लास लावले तर बिघडलं काय? नाही झाला फायदा तर नाही झाला.

रानजाई

नागपूरकर, वेळ बिघडतो. तो वेळ दुसऱ्या कशात तरी गेला असता, बहुतेक मातीत.

आणि ही लवकर-लवकरची घाई जुनी आहे. पियाजे हे स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ, मुलांची चुकीची उत्तरं ऐकत बसायचा त्यांना नाद होता, पॅरिसला बुद्धिमापनाच्या चाचण्या तपासताना त्यांच्या लक्षात आलं की एका वयाची पोरं एकसारख्याच चुका करतात. बुटक्या भांड्यातलं पाणी उंच ग्लासात ओतलं की पाच वर्षांचं पोरगं छातीठोकपणे सांगतं आता पाणी जास्त झालं. घरी करून बघा, फुकट आहे. तर पियाजे अमेरिकेत भाषणं द्यायचे तेव्हा लोक हमखास विचारायचे की या पायऱ्या लवकर कशा चढवता येतील? ते त्याला अमेरिकन प्रश्न म्हणायचे. आता तो आपलाही झालाय.

पियाजेंचं सगळंच टिकलं असं नाही बरं का. मूल साधारण आठ-नऊ महिन्यांचं होईपर्यंत झाकलेली वस्तू त्याच्या लेखी नसतेच असं ते म्हणायचे. १९८५ मध्ये बायारजाँ आणि मंडळींनी पाच महिन्यांच्या बाळांना एक अशक्य दृश्य दाखवलं, पडदा मागच्या ठोकळ्यातून आरपार गेल्यासारखा, आणि बाळं टक लावून जास्त वेळ बघत बसली. म्हणजे आत ठोकळा आहे हे त्यांना कुठेतरी कळत होतं, फक्त हात घालून काढता येत नव्हता. पाण्यासारखाच प्रयोग बटणांच्या रांगेवर करतात, रांग पसरली की लहान पोरं म्हणतात बटणं वाढली, तिथे मोठ्या माणसाऐवजी एका खोडकर टेडीने "चुकून" रांग विस्कटली तर लहान पोरं जास्त बरोबर उत्तरं देतात, हे १९७४ चं काम. कारण मास्तरांनी मुद्दाम काहीतरी बदलून तोच प्रश्न परत विचारला की पोराला वाटतं आपलं आधीचं उत्तर चुकलं!

बटाटेवडा_डॉट_एक्स

शेवटच्या वाक्यात माझं आख्खं शालेय जीवन आलं 😂

श्टुटगार्टची_सई

रानजाई, माझी मुलगी सात महिन्यांची आहे. घरी मराठी, पाळणाघरात जर्मन, नवरा कन्नड. सगळे म्हणतात गोंधळेल. आणि आईबाबा पुण्यात, रोज व्हिडिओ कॉल असतो, त्याचा उपयोग होतो की ते पण स्क्रीन टाइममध्ये धरायचं?

रानजाई

सई, तुमचा प्रश्न वाचून आनंद झाला कारण यातला सगळ्यात गोड प्रयोग आपल्याकडच्या आवाजांवर झालाय. वर्कर आणि टीस, कॅनडा, १९८४. इंग्रजी घरातल्या बाळांना हिंदीतला त आणि ट ऐकवला. मोठ्या इंग्रजांना तो फरक ऐकूच येत नाही, आपल्या नावांची ते काय वाट लावतात ते माहीत आहेच. पण सहा-आठ महिन्यांच्या बाळांना येत होता! आणि दहा-बारा महिन्यांपर्यंत त्यांचा तो कान गेला होता. हिंदी घरातल्या बाळांचा अर्थातच शाबूत. म्हणजे पहिल्या वर्षात बाळ नवीन आवाज शिकतं त्याहून जास्त नको ते सोडून देतं.

घाबरू नका, तुमच्या लेकीच्या कानावर तिन्ही भाषा आहेत, तिन्ही टिकतील, गोंधळ होत नाही. वाक्यांत सरमिसळ होईल, ती आपणही करतोच. आणि व्याकरणाची खिडकी तर केवढी मोठी निघाली, २०१८ च्या एका ऑनलाइन अभ्यासात साडेसहा लाखांहून जास्त लोक होते, त्यात परक्या भाषेचं व्याकरण शिकायची ताकद साधारण सतरा वर्षांपर्यंत टिकते असं आलं. उच्चारांची लवकर अरुंद होते आणि व्याकरणाची उशिरा, शब्दसंग्रहाची तर मरेपर्यंत उघडी. खिडकी एक नाहीच, घरभर आहेत आणि प्रत्येकीचं वेळापत्रक वेगळं.

व्हिडिओ कॉलचं: २००३ मध्ये पॅट्रिशिया कुल यांनी नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना मँडरिन ऐकवली, काहींना समोर बसलेल्या बाईकडून बारा वेळा, काहींना तेच टीव्हीवर. समोरासमोरच्यांना आवाजातले फरक कळायला लागले, टीव्हीवाल्यांना शून्य. पण २०१४ चा एक अभ्यास आहे, दोन-अडीच वर्षांच्या पोरांना लाइव्ह व्हिडिओ कॉलवर नवीन शब्द शिकता आले आणि तीच माणसं रेकॉर्डिंगमध्ये असली की नाही आले. पलीकडचं माणूस पोराने केलेल्याला तिथल्या तिथे उत्तर देतंय का, हे महत्त्वाचं. तेव्हा आजीला सांगा, कविता म्हणून दाखवण्यापेक्षा तिने आवाज काढला की लगेच तसाच काढा.

फिरस्ता_नागपूरकर

म्हणजे शेवटी खिडकी बंद होतेच ना बाप्पा. त आणि ट ची झाली की.

तर्कटराव

मूळ लेखात मांजरीवर सगळं उभं केलंय, माणसांवर काय? दिल्लीतला प्रोजेक्ट प्रकाश कोणी वाचलाय का? एमआयटीचे पवन सिन्हा. जन्मापासून मोतीबिंदू असलेली, ऑपरेशन न झालेली मुलं शोधून त्यांची मोफत शस्त्रक्रिया करतात आणि दृष्टी कशी येते त्याचा अभ्यासही करतात. २०११ च्या पेपरात ८ ते १७ वयाची पाच मुलं होती. पट्टी काढल्यावर हाताने चाचपलेली वस्तू डोळ्यांनी ओळखता येईना, जवळपास नाणेफेक. काही दिवसांतच यायला लागली. मांजरीच्या हिशोबाने ही केस संपलेली होती.

रानजाई

तर्कटराव, धन्यवाद, आणि नागपूरकरांनाही यातच उत्तर आहे. त्या मुलांची नजर कधीच पूर्ण साफ झाली नाही, बारीक तपशील दिसण्याची क्षमता कमीच राहिली, पण माणसं ओळखणं, रस्त्याने जाणं, वस्तू वेगळ्या करणं हे जमायला लागलं. म्हणजे खिडकी धाडकन बंद होत नाही, फट राहते, आणि फटीतून किती येईल ते त्या त्या क्षमतेवर अवलंबून. म्हणून आता माणसांच्या बाबतीत बहुतेक ठिकाणी "संवेदनशील काळ" असं म्हणतात. फक्त याचा अर्थ उशीर चालतो असा काढू नका, मोतीबिंदू असलेल्या बाळाचं ऑपरेशन पहिल्या काही महिन्यांत होणं आणि बाराव्या वर्षी होणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

सातच्या_आत_घरात

मी नोकरी करते, मुलगा दहा महिन्यांचा, आठव्या महिन्यापासून पाळणाघरात. लेखात "उचलून घेणारं एखादं माणूस" वाचलं आणि पोटात गोळा आला. ती अटॅचमेंटची खिडकी पण बंद होते का? सोडताना इतका रडतो.

रानजाई

अगं, रडतो म्हणजे सगळं छान चाललंय! साधारण सात-आठ महिन्यांपासून ओळखीचं आणि परकं कळायला लागतं, तेव्हा ही रडारड येते आणि दीड वर्षाच्या आसपास ओसरायला लागते. मेरी एन्सवर्थ यांच्या प्रयोगात आई दोन वेळा खोलीबाहेर जाते, तिथे मूल किती रडलं यापेक्षा आई परत आल्यावर काय करतं ते बघतात. बिलगून शांत झालं आणि परत खेळायला लागलं की नातं पक्कं. संध्याकाळी न्यायला जातेस तेव्हा काय करतो ते बघ.

पाळणाघराबद्दल अमेरिकेत १९९१ पासून तेराशेहून जास्त मुलांचा अभ्यास झाला. नुसत्या पाळणाघरामुळे आईशी नातं कच्चं होतं असं निघालं नाही. आईचा प्रतिसादच कमी आणि त्यात सांभाळणंही निकृष्ट, अशी दोन्ही गाठ पडली तिथे अडचण. सांभाळणारी माणसं सारखी बदलत नाहीत ना आणि एका ताईकडे किती पोरं आहेत, एवढं बघ.

नुकसान कुठे होतं ते सांगते. रोमानियात हुकूमशहा चाउशेस्कूची राजवट पडली तेव्हा अनाथालयांत हजारो मुलं होती, खायला मिळायचं, पण धरणारं कोणी नाही. २००० च्या सुमारास तिथे १३६ मुलांचा अभ्यास सुरू झाला, अर्धी चिठ्ठ्या टाकून सांभाळणाऱ्या कुटुंबांत दिली. दोन वर्षांच्या आत घरी गेलेल्या मुलांची जवळीक, बुद्धी बरीच सावरली, नंतर गेलेल्यांची कमी. घरात येणारी तू, नवरा, आजी, पाळणाघराची ताई, यातलं काहीच तिथे नव्हतं. तुझी केस या गावची नाही.

ठाण्याची_मावशी

चिठ्ठ्या टाकून? आणि उरलेली अर्धी लेकरं तिथेच ठेवली??

रानजाई

हो, यावर खूप वाद झाला. त्यांचं म्हणणं, तेव्हा तिथे अशी कुटुंबव्यवस्था जवळजवळ नव्हतीच, ती या प्रकल्पाच्या पैशाने उभी राहिली, आणि उरलेल्या कोणत्याही मुलाला घर मिळत असेल तर अडवायचं नाही असा नियम होता. मला अजूनही वर्गात शिकवताना अवघडल्यासारखं होतं.

बाप_माणूस_७४

सगळी चर्चा बाळांवर. माझ्याकडे साडेपंधरा वर्षांचं बाळ आहे. रात्री दोनपर्यंत जागं, सकाळी सातच्या शाळेला उठत नाही, दार लावून बसतो, मित्र असले की बाइकवर ट्रिपल सीट. या वयात काय उघडतं आणि काय बंद होतं ते पण सांगा.

रानजाई

दादा, या वयात मेंदूत परत मोठी डागडुजी निघते, फक्त बारसं कोणी करत नाही.

झोपेचं आधी. वयात येताना झोप आणणारं मेलाटोनिन संध्याकाळी उशिरा स्रवायला लागतं, दीड-दोन तास इकडेतिकडे. मोबाईल त्यात भर घालतो, पण मोबाईल नसतानाही घड्याळ सरकतंच. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये सांगितलं की या वयाच्या मुलांच्या शाळा साडेआठच्या आधी भरवू नका. आपल्याकडे २०२४ मध्ये शासनाने आदेश काढला की चौथीपर्यंतच्या शाळा नऊच्या आधी नकोत. हेतू चांगला, पण ज्यांना जैविक गरज सगळ्यात जास्त आहे ती आठवी ते बारावीची पोरं राहिलीच सकाळच्या पाळीत.

ट्रिपल सीट: गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये गाडी चालवायचा कॉम्प्युटर गेम दिला. एकटे असताना तेरा-सोळाची पोरं मोठ्यांच्या फार पुढे नव्हती. दोस्त बघत असले की धोका घेणं कितीतरी वाढलं, चोविशीच्या पुढच्यांचं मात्र जवळपास तेवढंच. धोका कळत नाही असं नाही, त्याला तोंडी विचारा, तुमच्यापेक्षा चांगलं भाषण देईल. म्हणून समजावण्यापेक्षा किल्ली आणि मित्रांची संख्या हातात ठेवणं जास्त चालतं.

दार लावणं तर असंच असतं. सगळे आपल्याकडेच बघताहेत असं या वयात वाटतं, एल्काइंड यांनी १९६७ मध्ये लिहून ठेवलंय, एका पिंपलसाठी कॉलेज बुडवतात ते उगाच नाही.

मला जास्त काळजी दुसऱ्याच पोरांची वाटते, जी काहीच त्रास देत नाहीत. मार्शिया यांनी १९६६ मध्ये मी कोण, काय करणार या प्रश्नाशी मुलं कशी भिडतात त्याचे चार प्रकार केले. त्यात एक गट कसलीच शोधाशोध न करता घरच्यांनी दिलेलं उत्तर उचलतो. आपल्याकडे आठवीत फाउंडेशन, दहावीनंतर सायन्स, इंटिग्रेटेड कॉलेज, सगळं ठरलेलं, मुलगा गुणी, पाहुणे कौतुक करतात. मग इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आमच्या डिपार्टमेंटला येऊन विचारतो, मॅडम मला सायकॉलॉजीला येता येईल का. तुमचा पोरगा भांडतोय ना, भांडू दे.

बाप_माणूस_७४

भांडतोय म्हणजे, काल म्हणाला डीजे व्हायचंय. किल्लीचं आजच करतो.

नाचणीची_भाकर

सगळं वाचून मुद्दाम लॉगिन केलं. माझी भाची, वीस महिने, तालुक्याला असतात, एकही शब्द नाही. दार वाजलं तर कधी बघते कधी नाही. घरचे म्हणतात तिचा बाबापण तीन वर्षांनी बोलला. चालायला पण उशीरच, आत्ता सतरा महिन्यांना लागली. थांबायचं का?

रानजाई

चालण्याचं सोडून द्या. डब्ल्यूएचओच्या पाच देशांच्या पाहणीत, त्यात दिल्लीची मुलंही होती, एकट्याने चालायला लागायचं वय साधारण ८ ते साडेसतरा महिने इतकं पसरलेलं आहे. बोलण्याचं मात्र थांबू नका. आवाजाकडे बघणं अनियमित आहे म्हणता, तर आधी कान. इथे खिडकी खरी आहे. १९९८ मध्ये योशिनागा-इटानो यांनी दाखवलं की ऐकू न येणं सहा महिन्यांच्या आत लक्षात आलेल्या मुलांची भाषा नंतर कळलेल्यांपेक्षा स्पष्टपणे पुढे असते. बाबा उशिरा बोलला असेल, पण बाबाचे कान तपासले होते का कोणी?

डहाणूची_अंगणवाडी

मी पर्यवेक्षिका आहे. ताई, गावच्या अंगणवाडीत सांगा, वर्षातून दोनदा आरबीएसकेची (सरकारच्या मुलांच्या आरोग्य तपासणी कार्यक्रमाची) टीम येते, पण त्यांची वाट बघू नका. जिल्हा रुग्णालयात डीईआयसी म्हणजे मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारा विभाग असतो, तिथे नेलं तर कान, वाढ, बोलणं सगळं एका ठिकाणी बघतात. बेरा ही कानाची टेस्ट बाळ झोपलेलं असताना करतात, म्हणून त्या दिवशी सकाळी लवकर उठवा आणि गाडीत झोपू देऊ नका, नाहीतर दुसरी तारीख मिळते. जन्माच्या वेळचं कार्ड, कावीळ किंवा काचेत ठेवलं असेल तर तो कागद सोबत न्या.

नाचणीची_भाकर

काचेत नऊ दिवस होती, कावीळ पण झाली होती. आत्ता बहिणीला फोन लावते.

डहाणूची_अंगणवाडी

मग नक्की न्या. ते कार्ड विसरू नका, आणि दोन्ही कान वेगवेगळे तपासायला सांगा.